सात तुकड्यांचा चौरस

माझी धाकटी जाऊ नववीपर्यंत शिकली आहे आणि मी गणितात एम.एस्सी. केलं आहे. आमच्या घरात हे कधी कुणी बोलून दाखवलं नाही, पण घराचा सगळा कारभार त्यावरच चालायचा. जेवणं झाली की मी हात धुऊन वह्यांचा गठ्ठा घेऊन बसायची आणि भांडी ती घासायची. सासरे म्हणायचे, "मॅडमले पेपर तपासाचे आहेत, तिले नोका बलावू." मी वर न बघता लाल पेन उघडायची. मनातून फार बरं वाटायचं.

आमचं गाव पोंभुर्ण्याजवळ. मी पोंभुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवते. जाऊ घराच्या छपरीत मशीन टाकून ब्लाउज शिवते. सासरच्यांना तिच्या हातचे वडे आवडायचे, सासरे तिच्याशी मोकळेपणाने हसायचे, शेजारच्या बायका तिच्याच मशीनपाशी येऊन बसायच्या. हे सगळं मला दिसत होतं आणि टोचतही होतं. पण गणित माझं होतं. तेवढं एक माझ्याकडे आहे म्हटल्यावर बाकीचं तिच्याकडे असलेलं मी चालवून घेत होते.

दोन वर्षांपूर्वी, धान कापणीला यायच्या सुमारास, चंद्रपूरला आम्हा गणित शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन वेळा जायचं होतं. शिकवायला एक निवृत्त प्राध्यापक होते. पहिल्या दिवशी, सुटायच्या आधी, त्यांनी खिशातून चौकोनी रुमाल काढला, एका कोपऱ्यावर दुसरा कोपरा ठेवून दुमडला आणि वर धरला.

"हा समद्विभुज काटकोन त्रिकोण. दोन बाजू सारख्या, त्यांच्यामध्ये काटकोन. अशा त्रिकोणांनी एक चौरस पूर्ण भरायचा. फट नको, एकावर एक नको. त्रिकोण कितीही घ्या. अट एकच. कोणतेही दोन त्रिकोण एका मापाचे नकोत."

मी लगेच हात वर केला. "सर, हे होणारच नाही."

"का नाही होणार?"

मी उभी राहून सांगितलं. चौरस कर्णावर कापला की दोन सारखे त्रिकोण होतात. त्यातला एक ठेवला आणि दुसरा मधोमध कापला की पुन्हा दोन सारखे. त्यातला एक कापला की पुन्हा तेच. कितीही वेळा कापा, शेवटचे दोन सारखेच उरणार. सभागृहातल्या बऱ्याच माना हलल्या. ब्रह्मपुरीहून आलेल्या एक बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती सोपं करून सांगितलंत." सर फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी लिहून आणा."

घरी आल्यावर मी लिहायला बसले. दोन पानं सुवाच्य अक्षरात लिहिली. खात्री म्हणून जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे चौरस कापून छपरीत पसरले. जाऊ मशीनवर होती.

"काय करून राह्यल्या जी तुमी?"

"शाळेचं आहे."

"मले सांगा ना. हात चालू आहेत, कान रिकामे आहेत."

पाचवीच्या पोरीला सांगावं तसं मी तिला सांगितलं. मध्येमध्ये "समजलं का?" असंही विचारलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "मोठा चौकोन कापूनच कराचं का? लहान तुकडे जोडत गेलं तं चालते?"

"एकच गोष्ट आहे ती," मी म्हटलं आणि कागद गोळा केले.

आठ-दहा दिवसांनी, रविवारी दुपारी, ती माझ्या खोलीच्या दारात आली. हातात उशीच्या अभ्र्याएवढं काहीतरी शिवलेलं होतं.

"बाई, पाहा बरं. सात झाले." थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती मला बाई म्हणायची.

चौदा इंच लांब, चौदा इंच रुंद असा तो चौरस होता. ब्लाउज शिवून उरलेल्या सात रंगांच्या कापडांचा. अर्धा चौरस एकाच गडद निळ्या त्रिकोणाने भरला होता. उरलेल्या अर्ध्यात सहा त्रिकोण बसवले होते. कोपऱ्यात सगळ्यात लहान पिवळा, दोन इंचाचा. त्याला लागून थोडा मोठा, त्याला लागून आणखी थोडा मोठा, असे ते वळत वळत वाढत गेले होते.

मी तो तिच्या हातातून घेतला आणि पलंगावर पसरला. पहिली गोष्ट मी केली ती ही, की त्यात दोन सारखे तुकडे शोधले. मला ते सापडलेही.

"हे बघ. हा हिरवा आणि हा जांभळा. दोन्ही सारखे आहेत."

बोलताना माझ्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. तिला ते कळलं की नाही माहीत नाही. तिने गळ्यातली टेप काढून हिरव्याच्या सरळ बाजूवर लावली. आठ इंच. मग जांभळ्याच्या सरळ बाजूवर लावली. जेमतेम साडेआठ.

"अर्ध्या इंचाचा फरक आहे जी. मलेही पह्यले सारखेच वाटले होते."

"ठेव इथं. मी बघते," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी दार लोटलं आणि आलेख कागद काढला. तिचे दोन इंच म्हणजे एक घर धरलं, म्हणजे चौरस सात घरांचा झाला. एकूण एकोणपन्नास घरं. मग एकेका त्रिकोणाचं क्षेत्रफळ लिहीत गेले. अर्धं घर. एक. दोन. चार. आठ. नऊ. आणि निळ्याचं साडेचोवीस. बेरीज केली. एकोणपन्नास. पुन्हा केली. खालची बाजू एक, दोन आणि चार मिळून सात. डावी बाजू एक आणि सहा मिळून सात. कुठेच चूक नव्हती. इतकी वर्षं मी वह्या तपासते आहे, पण चूक सापडावी म्हणून इतका जीव लावून मी कधी काही तपासलं नव्हतं.

संध्याकाळी मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसं सुचलं तुला?"

तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "कापडाची तिरपी बाजू, म्हणजे उरेब, ते ओढली का वाढते. उरेबले उरेब जोडली तं शिवण लाटा मारते. म्हणून उरेबले नेहमी सरळ बाजू जोडाव लागते. मी पिवळा तुकडा घेतला. त्याची लांब बाजू उरेब. तेवढीच सरळ बाजू येईन असा दुसरा कापला. मंग त्याच्या उरेबले तिसऱ्याची सरळ. असं करत गेली. पाच झाल्यावर एका बाजूनं खाच राह्यली, तिच्यात सहावा बरोब्बर बसला. मंग पाहातो तं अर्धा चौकोन तयार."

प्रत्येक त्रिकोणाचा कर्ण म्हणजे पुढच्या त्रिकोणाची भुजा. मला शब्द माहीत होते. तिला शिवण माहीत होती. मी बाहेरून कापत आत जात होते, म्हणून प्रत्येक वेळी दोन सारखे हातात येत होते. ती आतून बाहेर वाढवत गेली. "जोडत गेलं तं चालते?" हे तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि मी ते उडवून लावलं होतं.

सासऱ्यांनी तो चौरस मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिला. ते म्हणाले, "हे डोक्याचं काम आहे." तेवढंच म्हणाले. पण माझ्या कुठल्याच कामाला ते असं म्हणाले नव्हते. माझं शिक्षण त्यांना मोठं वाटायचं, डोकं दिसलं ते तिचं. त्या संध्याकाळी ती भांडी घासताना काहीतरी गुणगुणत होती आणि ते मला सहन होत नव्हतं. तिने मिरवलं असतं तर मला तिचा राग करता आला असता. तिला हे अवघड होतं हेच माहीत नव्हतं, त्याचं मी काय करणार होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी तिने विचारलं, "मंग, बरोबर आहे का?"

चौरसाच्या मधल्या तिरप्या शिवणीवर, जिथे निळ्याची उरेब हिरव्याच्या उरेबला जोडली होती, तिथे कापड थोडं फुगलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं.

"हा झोळ बघ. गणितात असा झोळ चालत नाही. म्हणजे मापात कुठेतरी चूक आहे."

तिने वाकून पाहिलं. तिचा चेहरा उतरला, पण अविश्वास त्यात नव्हता. "हो जी," ती म्हणाली. "झोळ तं आहे."

मी बसमध्ये बसेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या प्रशिक्षणाला जाताना माझ्या पर्समध्ये दोन गोष्टी होत्या. माझी दोन पानं आणि आलेख कागदावर काढलेली तिची आकृती. जंगलातून बस जात होती आणि मी मनात वाक्य जुळवत होते. "सर, मी बरंच करून पाहिलं आणि सापडलं." हे वाक्य मी कितीदा तरी म्हणून पाहिलं. मग दुसरं. "आमच्या घरी एकीने सहज केलं." दुसरं मी एकदाही शेवटपर्यंत म्हटलं नाही.

सरांनी माझी पानं वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, तुम्ही प्रत्येक वेळी अर्धंच का कापता?"

मी पानं परत घेतली.

"होतो तो चौरस. उत्तर मी सांगणार नाही. कुणाला सापडलं का?"

कुणीच हात वर केला नाही. "मग शोधा अजून," सर म्हणाले. ब्रह्मपुरीच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. आकृती माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. मी पर्सची चेन ओढून घेतली. मला नंतर पुष्कळदा वाटलं, की मी ती आकृती माझी म्हणून दाखवली असती तर ती चोरी झाली असती, आणि चोरीला निदान काही हाव लागते. मला ते उत्तर नकोच होतं. ते कुणालाच मिळू नये एवढंच मला हवं होतं.

घरी आल्यावर तिने पायांवर पाणी घ्यायला तांब्या दिला आणि विचारलं, "सर काय म्हणले?"

"म्हणाले, शोधा अजून."

हे शब्द खरेच सरांचे होते.

तिने पहिला चौरस उसवला. तेच तुकडे पुन्हा जोडायला गेली तर उसवून-उसवून कडा विरल्या. मग नवीन कापड घेऊन दुसरा केला. त्यातही मधल्या शिवणीवर झोळ आला. तिसऱ्या वेळी तिने कापडाला भाताच्या पेजेची खळ दिली, वाळवलं, इस्त्री केली आणि मग कापलं. शाळेतून आले की ती छपरीत वाकून टेप लावत असायची. ब्लाउजच्या बायका परत जायला लागल्या. दीर एकदा जेवताना म्हणाला, "हे काय खूळ घेतलं आहे हिनं?" टेपवरचे आकडे बघून बघून तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ती पदराने टिपायची आणि पुन्हा वाकायची. मला वाटायचं, आता कंटाळेल, आता सोडून देईल. ती चिकाटीही माझ्याकडे नव्हती. मी दोन पानं लिहून मोकळी झाले होते.

धान घरात येऊन पडलं होतं तेव्हाची गोष्ट. शनिवार, अर्धी शाळा. दुपारी मी आले तर छपरीत दुसरं कुणी नव्हतं. तिने चौथा चौरस सतरंजीवर अंथरला होता आणि त्यावर शेवटची इस्त्री फिरवत होती.

"आता पाहा," ती म्हणाली. "आता तरी होते का?"

मी पाहिलं. मधली शिवण दोरी ताणल्यासारखी सरळ होती. कुठेही झोळ नव्हता. मी "आता बरोबर आहे" असं म्हणाले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. ते शब्द माझ्या ओठांवर होते. पण ती माझ्याकडे अशी पाहत होती, की मी ते म्हणताच तिने माझे आभार मानले असते. ते मला घेता आले नसते.

"पहिलाच बरोबर होता," मी म्हटलं.

"कोणता पह्यला?"

"तू रविवारी आणला होतास तो. झोळाचा आणि गणिताचा काही संबंध नव्हता. कापड ओढल्यामुळे झोळ आला होता. ते मला तेव्हाच माहीत होतं."

तिने इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं.

"मंग काऊन तसं सांगतलं?"

"तुला जमलं आणि मला नाही जमलं. म्हणून."

मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, "तो मी उसवला ना जी. त्याच्या चिंध्या केल्या." मग चौरसाची घडी घातली आणि आत निघून गेली.

तिने माझ्याशी बोलणं बंद केलं नाही. पण त्या दिवसापासून ती मला बाई म्हणेना. गावातल्या परक्या बायका म्हणतात तसं मॅडम म्हणायला लागली. "मॅडम, चहा ठेवला आहे." "मॅडम, तुमचं पार्सल आलं आहे." त्या रात्री सगळ्यांची ताटं उचलली गेली आणि माझं तिथेच राहिलं. मी ते उचललं, मोरीवर नेलं आणि घासलं.

तिसऱ्या प्रशिक्षणाच्या आधी मी सरांना चौथ्या चौरसाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, हे माझ्या धाकट्या जावेने केलं आहे, मी अशक्य म्हणत होते तेव्हा. तासाभरात त्यांचा फोन आला. त्यांना तिच्याशी बोलायचं होतं. मी फोनचा आवाज मोठा करून तिच्या मशीनवर ठेवला.

ती आधी लाजली. मग उरेबचं सांगायला लागली आणि सांगतच राहिली. सर मध्येमध्ये विचारत होते, ती टेप हातात घेऊन, जणू त्यांना दिसतं आहे अशी, दाखवत होती. सासरे खाटेवरून ऐकत होते. सर हसले ते मोठ्याने, मनापासून. माझ्याशी बोलताना ते कधी तसे हसले नव्हते. मी दाराला टेकून उभी होते. आपण हे योग्य केलं, असं मी स्वतःला सांगत होते आणि त्याच वेळी हा फोन लवकर संपावा असं मला वाटत होतं. शेवटी सर तिला म्हणाले, "तुम्ही शिका पुढे." फोन ठेवायच्या आधी त्यांनी माझी साधी चौकशीही केली नाही.

महिनाभर काही झालं नाही. मग एका संध्याकाळी ती टेप घेऊन माझ्या खोलीत आली आणि उभीच राहिली.

"मॅडम, एक विचाराचं होतं. चार बाय चारचा चौकोन तिरपा कापला तं त्याची उरेब बाजू किती भरते? मी साडेपाच म्हणतो तं थोडी जास्त येते. पावणेसहा म्हणतो तं कमी येते. मधात कितीही बारीक पाह्यलं तरी आकडा येत नाई. टेप खराब आहे का?"

"टेप चांगली आहे," मी म्हटलं. "बस."

ती बसली. मी तिला दोनचं वर्गमूळ सांगितलं. ते कुठल्याच अपूर्णांकात नेमकं बसत नाही, हे सिद्ध करून दाखवलं. मला ते बी.एस्सी.ला दोनदा वाचावं लागलं होतं. तिने एकदाच ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे कापडावर ते बाजू आहे, पण टेपवर तिचा नंबर नाई." मी इतकी वर्षं वर्गात हे शिकवते आहे, मला हे वाक्य कधी सुचलं नाही. मी पाणी प्यायला उठले, कारण माझा चेहरा तिला दिसू नये असं वाटत होतं.

सतरा नंबरचा फॉर्म तिला मीच आणून दिला. बाहेरून दहावीला बसायचं. तो भरला तेव्हा शिक्षणाच्या रकान्यात नववी लिहिताना तिचा हात थांबला, मग तिने लिहिलं. आता रोज दुपारी तिचं मशीन तासभर बंद असतं. ज्या दिवशी माझी शाळा लवकर सुटते त्या दिवशी मी शिकवते. बाकीच्या दिवशी ती स्वतःच पुढे जाते आणि मी आले की कुठे अडलं ते सांगते. अडतं फार थोडं. मी मुद्दाम अवघड गणितं काढून देते. ती ती सोडवते, मग मी आणखी अवघड काढते. तिला तयार करते आहे असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण मला माहीत आहे. तिला न येणारं एखादं गणित मला सापडतं का, ते मी पाहत असते.

इंग्रजीत ती कच्ची आहे. ते कळलं तेव्हा मला झालेला आनंद मी इथे लिहून ठेवते, कारण तो झाला होता. तरी इंग्रजीही मीच शिकवते.

भांडी आता वाटून घासतो. मॅडम मात्र अजून सुटलेलं नाही. गेल्या आठवड्यात तिच्या तोंडून एकदा "बाई" निघालं, तिचं तिलाच ते कळलं आणि तिने लगेच दुरुस्त केलं.

परवा त्रिकोणमितीचं प्रकरण संपलं. पुस्तक मिटताना तिने विचारलं, "मॅडम, तुमाले दहावीले गणितात किती मार्क होते?"

मी तिला आकडा सांगितला. दोन मार्क वाढवून सांगितला.